ओळखीचा जामीनदार

“जामीनदार मिळाला,” वकील संयोगिता मॅडम जाळीपलीकडून म्हणाल्या. “सातबारा जोडला, कोर्टानं मान्यही केला. उद्या दुपारी तुम्ही बाहेर.”

अर्जुनाचा कानांवर विश्वास बसेना. चार वर्षं तो सांगलीत कच्चा कैदी होता. जामीन मंजूर होऊनही वर्ष लोटलं होतं. माण तालुक्यातल्या मेंढपाळासाठी इथं सातबारा घेऊन कोण उभं राहणार?

“कोण हाय?”

“वीरधवल.”

ज्याच्या खुनाच्या आरोपाखाली तो आत होता, तो दादासो या वीरधवलचा मेव्हणा. दोघांची द्राक्षबाग भागीत होती. शेजारच्या रानात खतासाठी अर्जुनाची मेंढरं बसवली होती. ती बागेत शिरली, दादासोशी कडाक्याचं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी दादासो बांधावर मरून पडलेला सापडला. घाव कुऱ्हाडीचे होते. अर्जुनाची पितळी कडीची कुऱ्हाड त्याच दिवशी पालावरून नाहीशी झालेली. पोलिसांनी विहीर उपसली, ओढा पालथा घातला. ती मिळालीच नाही.

“मॅडम, त्यो मला मारायला भाईर काढतोय.”

“न्यायाधीशांनी त्याला दोनदा विचारलं. म्हणाला, अर्जुना निर्दोष आहे, त्याची आई एकटी आहे.” मॅडमनी कागद मिटले. “नको असेल तर तसं सांगा. पण हरणाबाईंनी अंथरूण धरलंय, हे मी लपवणार नाही.”

आईचं नाव निघालं आणि प्रश्नच मिटला.

“आन् खटला?”

“तुम्ही आत होता म्हणून चार महिन्यांत संपवायचा आदेश मिळवला होता. बाहेर आलात की ती घाई राहत नाही, आत असलेल्यांचे आधी चालतात. पण मी पुन्हा अर्ज करीन. तुम्ही निर्दोष सुटलात की नव्यानं तपास मागणार आहे मी. ती कुऱ्हाड कुणाकडे आहे ते कळलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या दारात जीप उभी होती.

“बस,” वीरधवल म्हणाला.

“म्या यष्टीनं जातो, मालक.”

“तुला जामीन मी ऱ्हायलोय. पळालास तर मला धरतील. बस.”

तासगाव गेलं, विटा गेलं. मागच्या सीटवर खताचं पोतं होतं, सुतळीनं घट्ट बांधलेलं. अर्जुना तिकडं बघायचं नाही असं ठरवायचा आणि पुन्हा बघायचा.

“बाग कशी हाय?” काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं.

“एकट्यालाच बघावी लागती आता.”

विट्याच्या चौकात उडी टाकावी असं त्याच्या मनात आलं होतं. पण पळाला असता तर पोलीस आधी आईच्याच दारात गेले असते. तो बसून राहिला.

मायणी मागं पडल्यावर माळावर जीप थांबली. चिटपाखरू नव्हतं. वीरधवलनं पोतं काढून बॉनेटवर ठेवलं.

“उतर.”

अर्जुनानं उतरून हात जोडले. “मालक, आईला यकदा बघू द्या. मग काय करायचं ते करा. देवाशपथ सांगतो, दादासोला म्या मारलं न्हाई.”

“ठाऊक हाय मला.”

अर्जुनाला रडू कोसळलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलं होतं, तेही दादासोच्या घरच्या माणसानं. तो वीरधवलच्या पाया पडला.

“ऊठ. आईला बघ, मेंढरं राख. तारखेला यायचं आन् गप उभं ऱ्हायचं. फकस्त त्या वकीलबाईला सांग, लवकर चालवा म्हणून अर्ज करायचा न्हाई. धा वर्सं लागू देत, पंधरा लागू देत. तू आरोपी हाईस तवर पोलीस दुसऱ्या कुणाला शोधायचे न्हाईत.”

अर्जुनाला काही उमजेना. “पर मालक, का?” त्यानं विचारलं.

“आन् घाई केलीस, तर ही तुझ्या आईच्या अंथरुणाखाली सापडंल.”

वीरधवलनं सुतळी तोडून पोतं खाली सरकवलं. आत बाभळीचा दांडा होता, आणि दांड्यावर अर्जुनाच्या बापानं ठोकलेली पितळी कडी.