वाढत्या अंगाची सायकल

दुकानदाराने आजवर पोरांना अंगाबरोबरची सायकल क्वचितच विकली होती. आईबापच म्हणायचे, "वाढत्या अंगाची द्या."

आज मात्र उलटंच झालं. बारा वर्षांची लेक आणि तिचे बाबा लांबच्या सफरीची सायकल घ्यायला आले. रुंद टायर, चढासाठी हलके गिअर, सामानाला मागेपुढे कॅरियर, सगळं लेकीनेच हौसेने निवडलं. दुकानदाराने एक माप मोठी काढली, तर बाबा म्हणाले, "ही नको. तिला आज नीट बसेल अशीच द्या."

लेक तिच्या मापाची सायकल घेऊन गल्लीत चक्कर मारायला गेली, तसा दुकानदार कळवळून म्हणाला, "अहो साहेब, पोरीची उंची बघता बघता वाढेल. वर्षभरात ही तोकडी पडेल. मोठीच घ्या, मी सीट खाली करून देतो की!"

गल्लीच्या टोकावरून लेकीने हात हलवला. बाबांनीही हसून हात हलवला, आणि तिच्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले,

 

"डॉक्टरांनी सांगितलंय, पुढचं वर्ष धरून चालू नका."