रिकाम्या पोटी

चौऱ्याऐंशी साली शिंपीणकाकूंच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटात गाठ निघाली. "भूल दिल्यावर उठेलच असं नाही, गाठ ठेवली तर वर्षभर काढेल कदाचित. कापायची तर सकाळी उपाशीपोटी आणा," डॉक्टर म्हणाले. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "जन्मभर कात्री चालवलीत, आता घाबरता?" पुतणी म्हणाली. "कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं गं." तरी सकाळी दोघी त्याला घेऊन गेल्या. आतून बोलावणं आलं, तशी काकूंनी पिशवीतलं बिस्कीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते गट्टम केलं. "आज भूल देता येणार नाही. उद्या आणाल?" डॉक्टरांनी विचारलं. काकू नाही म्हणाल्या. कुत्रा हिवाळ्यात झोपेतच गेला. पुतणी पुढे जनावरांची डॉक्टर झाली. पण तेव्हा कापायला हवं होतं का, हे तिला विचारण्याचं धाडस काकूंना शेवटपर्यंत झालं नाही.