घरी कळवले

"फोन कोणी केला होता, एवढंच मला सांगा," काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने घडी घातलेलं पत्र पुढे सरकवलं.

कारकुनाने पत्र लगेच ओळखलं. महिन्यापूर्वी त्यानेच तशी दोनशे पत्रं पाकिटांत भरली होती. या मॉडेलच्या गाड्यांचे मागचे दिवे ब्रेक दाबल्यावर कधी लागत, कधी नाही. कंपनीने गाड्या परत मागवल्या होत्या, दिवे फुकट बदलून मिळणार होते. पत्राच्या शेवटी छापलं होतं, की आपल्या घरी आधी फोनवरही कळवले आहे.

फोन त्याने केलेच नव्हते. पहिले चाळीसएक केले, लोकांची बोलणी खाल्ली, आणि मग एके दिवशी बसून उरलेल्या सगळ्या नावांपुढे 'घरी कळवले' लिहून बरोबरच्या खुणा करून टाकल्या. वर्कशॉपमध्ये त्याला 'बरोबरराव' म्हणत ते उगीच नाही.

परवापर्यंत त्यात काही बिघडलं नव्हतं. परवा वळणावर एका ट्रकने मागून गाडी चेपली. चालवणारी बाई जागच्या जागी गेली. मॉडेल हेच. पेपरात नाव नव्हतं. मॅनेजरने आज सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "ती गाडी ज्याच्या यादीत निघेल त्याने वकील बघावा. मी मध्ये पडणार नाही."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?" कारकुनाने विचारलं.

"बायकोच्या."

कारकुनाने त्याच्याकडे आता नीट पाहिलं. त्या माणसाचे डोळे लाल होते. दाढी दोन दिवसांची, शर्ट चुरगळलेला.

"ती शेवटपर्यंत एकच म्हणत होती," माणूस सावकाश म्हणाला. "मला कोणाचा फोन आला नाही. तुमचं पत्र म्हणतं, आला. दोघांतलं एक खोटं."

मागून मिस्त्री हात पुसत आला. "काय बरोबरराव, घाम कसला फुटलाय? पंखा डोक्यावरच आहे की!"

"मिस्त्री, तुमचं काम बघा ना जरा."

मिस्त्रीने गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने परत फिरला.

कारकुनाने यादी उघडली. नाव सापडलं. पुढे त्याचीच ठसठशीत खूण. त्याने खुणेवर तळहात ठेवला. घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील. तो आत गेला तर त्यांना बघणार कोण?

बाईंनी फोन उचलला म्हणावं, तर हा मानणार नाही. यादीत नंबर घरचा होता. एकच वाट उरली.

"मीच केला होता, साहेब. घरच्या फोनवर. मॅडमनी नाही उचलला."

"मग?"

"पुरुषाचा आवाज होता. म्हणाले, सांगतो तिला."

"कधी?"

"पत्र पाठवायच्या आधीच्या मंगळवारी. दुपारी, तीनच्या सुमारास." थाप एकदा सुरू झाली की पुढची आपोआप सुचते, हे त्याला नवीन नव्हतं.

"म्हातारा आवाज?"

"छे. तुमच्याच वयाचा. मला वाटलं, तुम्हीच."

माणसाने काउंटरवर दोन्ही हात टेकले. आता हा आयुष्यभर स्वतःलाच खात बसणार, असं कारकुनाला वाटलं. वाईट वाटलं. पण छातीवरचा दगडही हलला.

"लिहून द्याल?"

"देतो की."

त्याने वार, वेळ, पुरुषाचा आवाज, सगळं लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला. माणसाने कागद दोनदा वाचला आणि नीट घडी केली.

"साहेब," कारकुनाला राहवेना, "झालं ते फार वाईट झालं. मॅडम अशा अचानक..."

"काय झालं तिला? बाहेर बसलीय, गाडीत."

कारकुनाने काचेतून पाहिलं. फाटकापाशी गाडी उभी होती. कुठे पोचाही नव्हता. पुढच्या सीटवर बसलेली बाई पदराने वारा घेत होती.

"मग... आत आणा ना गाडी! दिवा दहा मिनिटांत बदलून देतो," तो हसतच सुटला.

"दिव्याचं नंतर बघू." माणसाने कागद खिशात ठेवला. "बारा वर्षं मी दिवसपाळीला आहे. घरात आम्ही दोघंच. आधी तिला घरी नेतो."