खरवडलेलं नाव

निरुपमानं टॉर्च पुन्हा आडवा धरला. संग्रहालयातल्या त्या इजिप्शियन थडग्याच्या शिळेवर आई, बाप आणि दोन मुली कोरलेल्या होत्या. धाकटीच्या डोक्यावरचं नाव मात्र कुणीतरी छिन्नीनं खरवडलं होतं. तिरप्या उजेडात पुसलेल्या अक्षरांची सावली कधीकधी उठते, म्हणून ती आठवडाभर शिळेला चिकटून होती.

"हे परक्याचं काम नाही," शेजारचा सहकारी म्हणाला. "घरच्यांनीच खोडलंय."

खालची ओळ शाबूत होती : वाटसरूंनो, आमची नावं मोठ्यानं घ्या, म्हणजे आम्ही जगू.

निरुपमाचं कामातलं लक्षच उडालं. दोनदा उठली, दोनदा बसली, आणि शेवटी टॉर्च पर्समध्ये कोंबून भरदुपारी घरी आली.

बाबा जेवत होते. निरुपमाच्या धाकट्या बहिणीनं पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा त्यांनी तिच्या बारशाच्या एकूण एक भांड्यावरचं नाव कानशीनं घासून काढलं होतं. मागच्या महिन्यात ती कॅन्सरनं गेली, तरी या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही.

निरुपमानं पडदा ओढला. बाबांच्या ताटाजवळचं स्टीलचं फुलपात्र उचललं आणि ओरखड्यांवर तिरपा उजेड टाकला. आता बाबा ओरडणार, असं तिला वाटलं.

बाबांचा घास हातातच राहिला.

"दिसतंय का गं अजून?"

"तुम्हीच वाचा, बाबा."

त्यांचा चष्मा टीव्हीपाशी होता. तो त्यांनी मागितला नाही. फुलपात्र हातात घेऊन मोठ्यानं वाचलं, "हेमांगी."