शंभरपैकी एक्याण्णव

लाँड्रीतली इस्त्री तशीच टाकून आई शाळेत धावत आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी पोरीची उत्तरपत्रिका टेबलावर आपटली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. आईला इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग बाईंनी पोरीलाच फर्मावलं, "मी बोलते ते तुझ्या आईला तुमच्या भाषेत सांग. एकही शब्द गाळायचा नाही."

पोर खाली मान घालून सांगू लागली. "आई, मी कॉपी केली असं म्हणतायत. वर्षापूर्वी इथे आलेल्या मुलीला भाषेच्या पेपरात शंभरपैकी एक्याण्णव पडूच शकत नाहीत म्हणे. कुणाचं बघून लिहिलं ते कबूल कर, नाहीतर निकाल रद्द."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर पोरीने घरातल्या वस्तू-वस्तूवर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नळावरची रोज भिजून गळायची, पोर रोज नवी लावायची.

"आणखी काय म्हणतायत?"

"एका वर्षात ही भाषा कुणाच्या बापाला येत नाही, म्हणतायत."

आई खुर्चीवरून उठली. "आता माझं त्यांना सांग. एकही शब्द गाळायचा नाही. म्हणावं, बाई, अर्धा तास झाला, तुमचं सगळं बोलणं ही मला सांगतेय आणि आता माझं तुम्हाला. ते कुणाच्या पेपरात बघून?"