भावनेचा रकाना

सकाळचं ऊन खिडकीच्या गजांमधून सावकाश आत आलं, जेवणाच्या टेबलावर पसरलं, मिठाच्या बरणीपाशी जरा रेंगाळलं आणि अखेर माझ्या वहीवर येऊन थांबलं. घरात भांडण झालं की प्रसंग, मनात आलेला विचार, त्याचा पुरावा आणि भावना, असे चार रकाने भरायचे, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. अकरा आठवडे भावनेच्या रकान्यात मी एकच लिहीत आलो होतो : बाबांची भीती.

"झाला का आमचा पंचनामा?" बाबांनी वही खेचून घेतली आणि न वाचताच भिंतीवर भिरकावली. "आयतं गिळायचं आणि वर आम्हालाच आरोपी करायचं."

मी एक शब्दही बोललो नाही.

आई हात पुसत बाहेर आली. "तू तरी गप्प बस ना रे," ती मला म्हणाली. "त्यांचा स्वभाव माहितेय ना तुला?"

मी वही उचलली. विचार : गप्प मीच बसायचं. पुरावा : सत्तावीस वर्षं. मग भावनेच्या रकान्यात पेन इतकं दाबून टेकवलं की कागद फाटला. बाबांची भीती कधीच सरली होती. मला राग येत होता तो आईचा.