फलनिष्पत्ती

"आता अगदी हळूच डोळे उघडा," असं वक्ते म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी ते खाडकन उघडले आणि उत्तरपत्रिका तपासायला धावले. गणिताच्या सरांचे तेवढे मिटलेलेच राहिले.

कार्यशाळा प्राध्यापकांच्या ताणमुक्तीची होती. गैरहजर राहणाऱ्याला 'कारणे दाखवा' नोटीस होती. वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून समुद्रकिनाऱ्यावर नेलं. रसायनशास्त्राच्या मॅडम तिथंही गठ्ठा घेऊन गेल्या होत्या, असं त्यांनीच जाता जाता सांगितलं. वक्त्यांना लगेच दुसरीकडचा ताण घालवायचा होता. तेही धावतच गेले.

सभागृहात उरले सर आणि कार्यशाळेच्या संयोजक, त्यांच्याच विभागातल्या कंत्राटी बाई. सरांची मान कलली होती, तोंड उघडं होतं. मागे लांबलचक कापडी फलक होता : 'आनंदी अध्यापक, प्रगत विद्यापीठ'.

विभागप्रमुख दारातूनच ओरडले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तसे ते कुजबुजत ओरडायला लागले.

"मूल्यांकन समिती जिना चढतेय! फलनिष्पत्ती कुठाय?"

"म्हणजे काय दाखवू, सर?"

"कार्यशाळेतून निघालं काय, ते! अध्यक्ष जातील तिथं तेवढंच विचारतात. चार हसरे चेहरे पकडून आणा. आणि ह्यांना आधी उठवा. आजच्या दिवशी प्राध्यापक घोरतोय, बरं दिसतं का? तुमच्या मुदतवाढीवर सही मलाच करायचीय बाई, विसरू नका."

ते समितीला जिन्यातच थोपवायला पळाले.

बाईंनी सरांच्या खांद्याकडे हात नेला. तेवढ्यात सरांच्या मांडीवरचा फोन थरथरला. 'घर'. बाईंनी उचलला.

"अहो, डबा खाल्लात का? की आजही तसाच?"

"काकू, मी सरांच्या विभागातली. सर झोपलेत."



"झोपलेत म्हणजे... घोरतायत का?"

"चांगलेच."

"अगं बाई!" काकू एकदम हळू बोलायला लागल्या, जणू त्याच खोलीत उभ्या आहेत. "हात लावू नकोस गं. त्यांच्या वर्गाचा निकाल घसरल्यापासून रात्र रात्र छताकडे बघत टक्केवारी काढत असतात. गोळी घेतली तरी तेच, फक्त उत्तर चुकतं. झोपू दे. नोकरी गेली तर गेली."

"त्यांची नाही जाणार, काकू. माझी जाईल."

काकू म्हणाल्या, "मग बाळा, मी कोणत्या तोंडानं सांगू?"

बाईंनी फोन हळूच परत सरांच्या मांडीवर ठेवला. एसीच्या गारठ्यात सरांनी झोपेतच हात काखेत घातले. बाईंनी चपला काढल्या, अनवाणी मंचावर गेल्या, फलकाच्या दोऱ्या सोडल्या आणि तो सरांच्या अंगावर पांघरला. 'आनंदी' छातीवर आलं, 'अध्यापक' गुडघ्यांवर. उरलेला फलक शेजारच्या खुर्चीवरून खाली लोळत राहिला. बाईंनी सरांच्या डोक्यावरचा दिवा मालवला.

समिती आत आली. विभागप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं.

अध्यक्षही कुठल्याशा विद्यापीठातले प्राध्यापकच होते. डोळे सुजलेले, काखेत फाइल. सवयीनं त्यांनी विचारलं, "याची फलनिष्पत्ती?"

बाईंनी सरांकडे बोट केलं. सर घोरले.

अध्यक्ष बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी फाइल विभागप्रमुखांच्या हातात दिली, शेजारच्या खुर्चीत बसून बूट काढले आणि 'प्रगत विद्यापीठ' हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"बाई," ते कुजबुजले, "तो दुसरा दिवाही मालवता का?"